गाडीचा गिअरबॉक्स आणि बहिणीच्या पाटल्या

आपल्या वस्त्यांमधून आता ट्रक-टेम्पोचे मालक बऱ्यापैकी झाले आहेत. आमच्या उमेदीच्या काळात आपला पोरगा गाडीवर चढायचा तो क्लीनर म्हणून, फार तर पुढे ड्रायव्हर व्हायचा. आज कोणी बँकेच्या कर्जावर, कोणी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीज भांडवल योजनेतून, तर कोणी बापाच्या फंडाच्या पैशातून स्वतःची गाडी उभी करतो. बहुतेकांची गाडी जुनी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातची असते. ती घेताना टायर बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, कागदपत्रे तपासतात. गिअरबॉक्स मात्र कोणी बघत नाही. तो खाली लपलेला, तेलाने माखलेला. वर्ष-दोन वर्षांनी तोच बोलू लागतो आणि मग घरात सोन्याचा विषय निघतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी गेल्या वर्षी हेच झाले. तिच्या मुलाची सहा चाकी गाडी आहे. वाघोलीच्या खाणीवरून खडी आणि क्रश सँड बांधकामांवर टाकण्याचे काम. तिसरा गिअर आपोआप निसटू लागला. आधी महिन्यातून एकदा, मग दिवसातून तीनदा. भाच्याने काय केले, तर गिअर लिव्हरला रबरी ट्यूबचा पट्टा बांधून गाडी चालवली. हा इलाज पुण्यातले निम्मे ड्रायव्हर करतात, आणि तो इलाज नव्हे. एक दिवस तो घरी येऊन म्हणाला, "मामा, तयार गिअरबॉक्स मिळतोय. पूर्ण रिकंडिशन. जुना द्यायचा, वर बावन्न हजार द्यायचे, एका दिवसात गाडी रस्त्यावर. आईनं पाटल्या गहाण ठेवायचं कबूल केलंय. तुम्ही फक्त एकदा बघायला चला."

मला बोलावले, कारण माझे सारे आयुष्य पिंपरीकडच्या एका कारखान्यात गिअर शॉपमध्ये गेले. हॉबिंग मशीनवर दात कापायचे, शेव्हिंगला द्यायचे, पुढे भट्टीत जायचे. गाडी मला चालवता येत नाही, पण गिअरचा दात बघून त्याचे वय सांगता येते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दुरुस्त करून पुन्हा बांधलेला गिअरबॉक्स म्हणजे वाईटच, असे माझे म्हणणे नाही. एसटीच्या लाल गाड्या काय सगळ्या नव्या गिअरबॉक्सवर चालत आल्या? एसटीच्या कार्यशाळांमध्ये गिअरबॉक्स उतरवतात, खोलतात, झिजलेले भाग बदलतात आणि पुन्हा बसवतात. त्या गाड्यांतून आपण पोराबाळांसह रात्रीचा प्रवास केलाच ना? फरक इतकाच की तिथे कुठला भाग काढला, कुठला घातला याची नोंद राहते आणि गिअरबॉक्स बांधणारा माणूस उद्याही त्याच टेबलावर हजर असतो. बाजारातल्या तयार गिअरबॉक्सला नोंद नसते. तो कुठल्या गाडीतून निघाला, ती गाडी उलटली होती की जळाली होती, की आणखी कुठल्या मार्गाने ती भंगारात आली, हे विकणारा सांगत नाही.

त्या 'आणखी कुठल्या मार्गा'विषयी जरा सांगितले पाहिजे. चोरीच्या गाड्या तुकडे करून विकल्या जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असून घेतला, तर घेणाराही गुन्हेगार ठरतो. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. पावती नाही, नंबर घासलेला आहे आणि भाव फारच उतरलेला आहे, अशा वेळी 'मला काय ठाऊक' म्हणून पोलीस चौकीत सुटका होईल असे कोणी समजू नये. आपल्या पोरांची तर आधीच होत नाही.

आम्ही दोन ठिकाणी गेलो. दुकाने कुठली ते सांगत नाही, अशी दुकाने प्रत्येक शहरात आहेत. पहिल्या ठिकाणी गिअरबॉक्स चंदेरी रंग मारून लाकडी फळीवर ठेवलेला होता, नव्या नवरीसारखा. मी म्हणालो, "वरचं कव्हर उघडून दाखवा." दुकानदार म्हणाला, "काका, सील तोडलं की गॅरंटी गेली." मी विचारले, "गॅरंटी किती?" "सहा महिने." "कागदावर?" "इथं शब्दावर चालतं." भाचा माझ्याकडे बघू लागला. आम्ही चहा न घेता निघालो.

ही गॅरंटी जरी खरी धरली, तरी ती कशाची असते ते बघा. गिअरबॉक्स बिघडला तर तो बदलून देऊ, एवढीच. गाडी सोलापूर रस्त्यावर कुरकुंभला बंद पडली तर क्रेनचे पैसे तुमचे. गिअरबॉक्स उतरवण्याची आणि चढवण्याची मजुरी तुमची. चार दिवस गाडी उभी राहिली, भाडे बुडाले, हप्ता मात्र पाच तारखेला गेला, तेही तुमचेच. आणि बदलून देणार ते काय? तिथलाच दुसरा चंदेरी डबा.

दुसऱ्या दुकानदाराने मात्र कव्हर उघडले. माणूस वाईट नव्हता, त्याने स्वतः बॅटरी धरली. बेअरिंगे नवी होती, ऑइल सील नवे होते. ते बघून भाचा खूश झाला. मी कपड्याने तेल पुसून दात बघत गेलो. लेशाफ्टवरच्या एका गिअरच्या दोन दातांचा रंग वेगळा होता, निळसर झाक असलेला. तुटलेला दात वेल्डिंगने भरून, घासून आकारात आणलेला.

आता हे का चालत नाही, ते सोप्या भाषेत सांगतो. गिअरचे पोलाद आतून चिवट आणि वरून काचेसारखे कडक असते. वरची ती कडक कातडी साधारण एक मिलिमीटरभर जाड, आणि ती भट्टीत ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळ ठेवून तयार केलेली असते. वेल्डिंगच्या आचेने ती तिथल्या तिथे जाते. भरलेला दात दिसायला दातच असतो. रिकाम्या गाडीत तो चालतोही. पण दहा टन खडी भरून चढाला लागलात की तो खचतो किंवा तुटतो, आणि तुटलेला तुकडा दुसऱ्या गिअरच्या दातांत जातो. मग एक दात नाही, आख्खा डबा जातो. कधी केसिंगही फुटते.

झिजलेल्या भागांचे प्रकार पुष्कळ आहेत, सगळे इथे सांगत नाही. पण गिअर निसटण्याचा रोग नीट समजून घ्या, कारण माणसे त्यानेच मरतात. गिअर टाकला की एक स्लीव्ह सरकून गिअरच्या बाजूच्या लहान टोकदार दातांत अडकते. ते दात उलट्या उताराचे, म्हणजे एकदा अडकले की ओढून धरणारे असतात. वर्षानुवर्षे गिअर घाईने टाकून ते गोल होतात. शिवाय सिलेक्टर फोर्क झिजतो, छऱ्याची स्प्रिंग दमते, बेअरिंग ढिले होऊन शाफ्ट डुलतो. मग चढावर गिअर टिकतो, पण उतारावर इंजिन गाडीला मागे खेचू लागले की भार उलटा होतो आणि गिअर टुपकन बाहेर. बाजारात गिअरबॉक्स 'बांधताना' बेअरिंग आणि सील बदलतात, कारण ते स्वस्त आणि दिसणारे काम. हे गोल झालेले दात तसेच राहतात, कारण त्यासाठी गिअरच नवा लागतो.

उतारावर गिअर निसटला तर काय होते? इंजिनाचा अटकाव संपतो, सगळा भार ब्रेकवर येतो. लायनिंग तापते, तापले की धरत नाही. ड्रायव्हर घाबरून पुन्हा पुन्हा ब्रेक मारतो आणि टाकीतली हवा संपत जाते. इंजिन बंद पडले असेल तर कॉम्प्रेसर हवा भरतच नाही. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद ठेवल्याची माहिती तेव्हा प्राथमिक तपासातून पुढे आली होती. तिथे डिझेल वाचवायला माणूस हाताने करतो, तेच झिजलेला गिअरबॉक्स न विचारता करून टाकतो. आमच्या शेजारच्या एका पोराची गाडी त्याच उतारावर, साताऱ्याकडून येताना, तिसऱ्यातून निसटली. गिअरबॉक्स बांधून घेऊन दोनच महिने झाले होते. तो वाचला, कारण पहाटेचे चार वाजले होते आणि रस्ता रिकामा होता.

भाच्याला मी हे सगळे ऐकवले, तेव्हा त्याची आईही बसली होती. ती म्हणाली, "दादा, पाटल्यांचं काय, त्या पुन्हा होतील. पण पोरगं घाटात गिअर शोधत बसायला नको." सूनबाई काही बोलली नाही. तिने हप्त्यांची वही पुढे ठेवली.

हिशेब असा झाला. आमचा जुना डबा देऊन टाकायचा म्हणजे ज्याची नोंद आपल्याला माहीत आहे ते देऊन, माहीत नाही ते घ्यायचे. आमच्या डब्याचे केसिंग शाबूत होते, तो कधी आपटला नव्हता, पहिला-दुसरा गिअर ठणठणीत होता. मग तोच का खोलू नये? निगडीकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गिअरबॉक्स आमच्यासमोर खोलला. निघालेला प्रत्येक भाग पत्र्यावर ओळीने मांडला. तिसऱ्याचे टोकदार दात करंगळीच्या नखासारखे गोल झालेले. सिंक्रोची पितळी रिंग कोनावर दाबून बघितली तर मध्ये फट उरतच नव्हती. रिंग संपली. मेन शाफ्टच्या बेअरिंगमध्ये खड्डे. चाचांनी तिसऱ्या गिअरसोबत लेशाफ्टवरचा त्याचा जोडीदारही बदलायला सांगितला. भाच्याला वाटले, खर्च वाढवतात. पण नवा गिअर जुन्या झिजलेल्या जोडीदारावर चालवला की दोघेही आवाज करतात आणि नवाही लवकर जातो. मी चाचांच्या बाजूने बोललो.

सुटे भाग ३१,४०० रुपये, मजुरी ९,०००, लेथचे काम १,८००. एकूण ४२,२००. गाडी आठ दिवस उभी राहिली. एका दिवसात काम झाले असते तर त्या आठवड्याचे भाडे मिळाले असते, हे खरे आहे, आणि सूनबाईने ते वहीत लिहूनही ठेवले आहे. भागांची पक्की बिले घेतली. काढलेले सगळे जुने भाग पोत्यात घालून घरी आणले. जुने भाग परत मागायची लाज वाटते काही जणांना. कसली लाज? आपला माल आहे. शिवाय नवा भाग खरोखर घातला की नाही, याचा तोच पुरावा.

कोणाला तयार गिअरबॉक्स घ्यावाच लागला, कारण केसिंगच फुटले, तर निदान भर दिवसा कव्हर उघडून बघा. रिकाम्या गाडीची चाचणी ही चाचणीच नव्हे. भरलेल्या गाडीने दिवे घाट चढून आणि उतरून बघा, तेही तिसऱ्या गिअरमध्ये. तेल कुठले आहे ते विचारा. आवाज दाबायला जाड तेल भरणे, अगदी लाकडाचा भुसा घालणे, ही जुनी हातचलाखी आहे. थंड असताना गप्प आणि तापल्यावर ओरडणारा गिअरबॉक्स घेऊ नका. बाहेरून सारखे दिसणारे दोन डबे आतून वेगळे असू शकतात. दातांचे प्रमाण वेगळे असेल तर गाडी चढावर रडते, डिझेल खाते आणि कारण वर्षभर सापडत नाही.

आणि बिल घ्या. ग्राहक न्यायालय फक्त मिक्सर आणि टीव्हीवाल्यांसाठी असते, असा आपल्यात समज आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही, असेही दुकानदार सांगतात. ते अर्धेच खरे आहे. पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू त्यात मोडत नाही. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ट्रकचेच उदाहरण दिले होते: स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहकच आहे, हाताखाली एक-दोन माणसे मदतीला असली तरी. २०१९ च्या नव्या कायद्यातही ही सवलत कायम आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही. पण आयोग शब्दावर चालत नाही, त्याला कागद लागतो.

गाडी सुरू झाल्यावर पाचशे किलोमीटरला चाचांनी तेल काढायला लावले. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर करड्या मलमासारखा थर होता, चमकणारी कपची एकही नव्हती. चाचांनी तो थर बोटावर घेऊन भाच्याला दाखवला आणि नवे तेल भरले. लिव्हरचा रबरी पट्टा अजून केबिनमध्ये पडलेला आहे, पण त्याने आता ताडपत्री बांधतात. पाटल्या बँकेत आहेत. तीन हप्ते राहिले आहेत.