घाटावर, घाटाखाली: दिवा, वारा आणि चाक

बुलढाणा जिल्ह्यात कुणी आपले गाव सांगितले की लगेच दुसरा प्रश्न येतो, ‘घाटावरचे की घाटाखालचे?’ तेरा तालुक्यांचा हा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेने दुमजली करून टाकला आहे. खालच्या मजल्यावर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद अशी पूर्णा खोऱ्यातील गावे, काळ्या जमिनीची आणि कापसाची. वरच्या मजल्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. खाली उन्हाने अंगाची लाही होत असते, तेव्हा बुलढाण्यात संध्याकाळी अंगणात वाऱ्याची झुळूक असते. सोयरीक जुळवतानाही घाटाखालची मुलगी वरची थंडी काढेल का, असे बायका हसत विचारतात.

आमचे अर्धे नातेवाईक वर आणि अर्धे खाली. त्यामुळे निकाह असो, अकीका असो, ईदची भेट असो की कुणाचा जनाजा, वर्षभर आमची ये-जा चालूच असते. पूर्वी ती एसटीने व्हायची. आता चाचांची सात आसनांची गाडी आहे. पुढे चाचा, मध्ये दादी आणि बायका, मागे मुले आणि त्यांच्या पायाशी डबे. सफरीची दुआ पढली की गाडी निघते.

या गाडीच्या खणात कंपनीने दिलेले एक जाडजूड पुस्तक आहे. ते इंग्रजीत आहे. चाचा उर्दू झरझर वाचतात, मराठी वर्तमानपत्रही रोज वाचतात, पण ते पुस्तक गाडीसोबत आले तसेच प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. एका उन्हाळी सुट्टीत आम्ही ते काढले आणि चाचांना समजावून सांगू लागलो. दिवे, एसी आणि टायर अशी तीन प्रकरणे आम्ही नीट वाचली. वाचता वाचता लक्षात आले की यातले प्रत्येक पान आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर उपयोगी पडते.

सुरुवात राजूर घाटापासून करू. मलकापूर स्टेशनवर पहाटे पाहुणे उतरले की मोताळ्यावरून हा घाट चढून बुलढाण्याला यावे लागते. पावसाळ्यात येथे ढग रस्त्यावर उतरतात. समोरचे वळण दिसेनासे झाले की माणसाचा हात आपोआप मोठ्या दिव्याकडे जातो, म्हणजे हेडलाइट ‘अप्पर’ करण्याकडे. पण धुके म्हणजे पाण्याचे बारीक कण. अप्परचा झोत त्या कणांवर आदळून आपल्याच डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून धुक्यात दिवा ‘डिपर’वरच ठेवायचा. फॉग लॅम्प असतील तर ते लावायचे. ते गाडीला अगदी खाली बसवलेले असतात, त्यांचा उजेड रुंद आणि जमिनीलगत पडतो, त्यामुळे रस्त्याची कडा व पांढरी रेघ दिसते. चारही इंडिकेटर एकदम लावून चालत राहण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ते दिवे थांबलेल्या किंवा बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीने ते लावले तर ती डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला कसे कळणार?

त्याच घाटात काच आतून धुरकट होते. सात माणसांचा श्वास, ओले छत्री-बुरखे, आणि बाहेरच्या पावसाने गार झालेली काच. थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात, तसाच हा प्रकार आहे. दरवेळी मागून कुणीतरी ओढणीचे टोक पुढे करते, आणि पुसलेली काच पुढच्या वळणापर्यंत पुन्हा धुरकटते. पुस्तकातला उपाय असा. एसी चालू करायचा, हवेचा रोख काचेकडे वळवायचा आणि बाहेरची हवा आत घेणारे बटण सुरू ठेवायचे. एसी हवा थंड करतो तशीच ती कोरडीही करतो, आणि कोरडी हवा काचेवरची ओल टिपून घेते. ‘पावसात एसी कशाला?’ हा दादींचा प्रश्न अगदी रास्त होता. मिनिटाभरात काच स्वच्छ झाली तेव्हा त्याच म्हणाल्या, ‘राहू दे चालू, मी शाल घेते.’ कधी उलटेही होते. एसी फार थंड ठेवला तर पावसाळी दमट हवेत काच बाहेरून धुरकटते. मग वायपर फिरवायचा आणि आतला गारवा थोडा कमी करायचा.

घाट चढून वर आले की दिव्यांचा दुसरा प्रश्न सुरू होतो, तो समोरच्याच्या डोळ्यांचा. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर यात्रा भरते. त्या दिवसांत रात्रभर गाड्यांची रांग असते, आणि निम्म्या गाड्या अप्पर लावून येतात. एका क्षणाला समोरचा चालक आंधळा होतो, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी त्या एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्यात रस्त्याकडेने पायी चाललेली पाच-दहा माणसे येऊन जातात. समोरून गाडी आली की डिपर करणे हा नुसता शिष्टाचार नाही. रस्त्यावरच्या माणसाचा तो हक आहे.

येथे एका छोट्या चक्रीबद्दल सांगायलाच हवे. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ शून्यापासून तीनपर्यंत आकडे असलेली चक्री असते. चाचा तिला आजवर रेडिओची समजत होते. गाडीत मागे माणसे आणि सामान भरले की मागची बाजू दबते, पुढची उचलली जाते, आणि डिपरचा झोतही वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. तो झोत खाली आणण्यासाठी ही चक्री आहे. चालक एकटा असेल तर शून्य, गाडी भरत जाईल तसा आकडा वाढवायचा. लग्नाचे वऱ्हाड घेऊन निघालेल्या गाडीने ती फिरवली नाही, तर चालकाला वाटते आपण डिपरवर आहोत, आणि समोरचा मात्र शिव्या घालत जातो. बाजारातून जास्त झगझगीत दिवे बसवून घेतल्याने तर हा त्रास दुप्पट होतो. मूळ दिवा ज्या आरशासाठी बनवलेला असतो, त्यात दुसरा बसवला की उजेड नको तिकडे फाकतो.

दिवाळीनंतर खामगावच्या बाजाराकडे कापसाच्या गाड्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला अनेकदा मागचा लाल दिवा नसतो, बैलगाडीला तर नसतोच. अंधारात ती ट्रॉली आपल्याला दिसते तेव्हा ती अगदी समोर आलेली असते. आमच्या शाळेतील बहुतेक मुले शेतकऱ्यांची आहेत. त्यांना आम्ही सांगतो, घरच्या ट्रॉलीला, बैलगाडीला आणि अब्बांच्या सायकललाही मागे लाल रेडियमची पट्टी लावा. ती फार महाग नसते. दुसऱ्याच्या दिव्यात ती चमकते आणि आपल्या घरचे माणूस वाचते.

खामगाव–बुलढाणा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेराशेहून अधिक किलोमीटर भटकत २०१९च्या अखेरीस याच जंगलात येऊन पोहोचला होता. झगझगीत झोतात जनावराचे डोळे दिपतात आणि ते रस्त्यातच थिजते. म्हणून येथे वेग कमी आणि दिवा डिपरवर ठेवायचा, आणि हॉर्न वाजवायचा नाही.

आता उन्हाळा. वैशाखात घाटाखाली पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून भट्टी होते, बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. अशा गाडीत ‘पाचच मिनिटे’ म्हणून झोपलेले मूल सोडून दुकानात जाणे जिवावर बेतू शकते, एवढे प्रत्येक आईबापाने मनाशी पक्के करावे. गाडीत बसताना आधी सगळ्या काचा खाली करून दोन मिनिटे गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा. आतलीच हवा फिरवणारे बटण दाबले की गारवा लवकर येतो. पण तेच बटण तासन्‌तास दाबलेले राहिले तर सात जणांनी सोडलेली हवा सातही जण पुन्हा पुन्हा घेत राहतात. डोके जड होते, डोळ्यांवर झापड येते. मागच्या सीटवरची मुले झोपली तर हरकत नाही, पण तीच हवा चालकही घेत असतो. म्हणून मधूनमधून बाहेरची हवा आत घ्यायची.

या झोपेची गोष्ट आम्हाला मेहकरजवळ समृद्धी महामार्गावर चढताना हटकून आठवते. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. त्याचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. वळणे कमी, चौक नाहीत, गाव लागत नाही. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. हात आणि डोळे, दोघांनाही काही काम उरत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा गावाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली. ३३ जणांपैकी २५ जण गेले. बस दरवाजाच्या बाजूवर पडल्याने बाहेर पडायची वाटच बंद झाली, आणि काच फोडून जे निघाले तेच वाचले. प्रथम टायर फुटल्याचे सांगण्यात आले, पण परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही.

त्या जागेवरून जाताना गाडीत कुणी बोलत नाही. त्या घटनेतून आम्ही दोन गोष्टी घरात लावून घेतल्या. रात्री अकरानंतर महामार्गावर चढायचे नाही, आणि दर दोन तासांनी थांबून चालकाने तोंड धुवायचे, चार पावले चालायचे. आणखी एक सवय मुलांना लावली. एसी बसच्या काचा उघडत नाहीत, म्हणून जागेवर बसण्याआधी आपत्कालीन खिडकी कुठे आहे आणि काच फोडायची हातोडी कुठे टांगली आहे, ते पाहून घ्यायचे.

त्या बसचा टायर फुटला नसेल, पण टायर फुटतात हे खरेच आहे. त्याचे कारण उन्हाळ्यात बहुतेक उलटे समजले जाते. ‘ऊन आहे, हवा कमी ठेवा’, असा सल्ला रस्त्यावर सर्रास मिळतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त वाकतो आणि त्या वाकण्यानेच आतून तापतो. सिमेंटच्या रस्त्यावर सलग वेगाने गेले की तो याच तापाने फाटतो. म्हणून हवा कंपनीने सांगितली तेवढीच हवी. हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडाही तेथेच असतो. मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना. नायट्रोजनचे पैसे द्यायचे तर द्या, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. वेळेवर मोजलेली हवा महत्त्वाची.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘३५२३’ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर वयाने कडक होते, म्हणून जुनी गाडी घेताना हे आकडे आधी वाचावेत. नक्षीच्या खाचांत मधूनमधून लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटरच उरली, म्हणजे टायर बदलायची वेळ झाली. घासलेल्या टायरच्या गाड्यांना समृद्धीवर चढू न देता परत पाठवल्याच्या बातम्याही वाचकांना आठवत असतील.

पुस्तकात बर्फाचेही एक पान होते. मुलांना तेच सगळ्यात आवडले. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. थंडीत साधे रबर कडक होऊन पकड सोडते, आणि हिवाळी टायरचे रबर मऊच राहते. काश्मीरला गेलेल्या आमच्या नातेवाइकांनी तंगमर्ग–गुलमर्ग रस्त्यावर चाकांना लोखंडी साखळ्या बांधलेल्या गाड्या पाहिल्या आहेत. ‘हे पान आपल्या काय कामाचे?’ असे धाकटीने विचारले. तिकडे ऋतू बदलला की टायर बदलतात. आपल्याकडे टायर तेच राहतात, पण जूनचा पहिला पाऊस पडण्याआधी ते एकदा तपासायला काय हरकत आहे? ओल्या रस्त्यावर त्या खाचाच चाकाखालचे पाणी बाजूला सारतात. खाच नसेल तर गाडी पाण्यावर तरंगते आणि ब्रेक नुसता पायाखाली राहतो.

सुट्टी संपेपर्यंत आम्ही या सगळ्याचे एक कार्ड केले, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला उर्दूत. धुक्यात डिपर. गाडी भरली की चक्री. काच धुरकटली की एसी काचेकडे. झापड आली की थांबा. हवा सकाळी मोजा. चाचांनी ते सूर्यापासून बचावाच्या झडपेमागे खोचले. लग्नसराईत गाडी भाड्याने जाते, तेव्हा दुसरे चालकही ते वाचतात. त्यांतल्या एकाने तळाशी पेन्सिलने आणखी एक ओळ लिहून ठेवली आहे, ‘मागे लहान मुले आहेत का, ते बघा.’ नवीन कार्ड करताना ती ओळ आम्ही सगळ्यात वर घेणार आहोत.