पाऊस, डोंगर आणि पायातला जोडा

आमच्या भंडारा जिल्ह्यात शिकारीच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्यापूर्वीचे दिवस आमच्या बुजुर्गांनी पाहिलेले. त्यांच्या गोष्टींत बंदूक असते, हाकारे असतात, चितळ आणि ससा असतो. पायातला जोडा मात्र कधी नसतो. कोणाच्या बंदुकीची नळी कुठल्या बनावटीची होती हे नातवंडांनाही पाठ, पण ओल्या रानात रात्रभर हिंडताना आजोबांच्या पायात काय होते, हे कोणी सांगत नाही. बहुतेकांच्या पायात टायरच्या तळाच्या चपला असत, हाकाऱ्यांच्या पायात तेही नसे.

कायद्याने शिकार बंद केली हे बरेच झाले. निव्वळ मौजेसाठी जीव घेणे आपल्या दीनलाही पसंत नाही, आणि इहरामच्या हालतीत तर शिकार हरामच आहे. पण शिकार थांबली तरी रानातले पायी जाणे थांबले नाही. २०१३ साली कोका अभयारण्य जाहीर झाले. पावसाळ्यात पर्यटकांच्या गाड्या बंद होतात, तरी वनरक्षक आणि वनमजूर गस्तीला जातातच. गोंड, ढीवर बायाबापड्या रानभाजीला जातात. शिकाऱ्याला जसा जोडा हवा होता, तसाच तो आज यांना हवा आहे.

आमचा जिल्हा धानाच्या बांध्यांचा आणि तलावांचा, तसा सपाटच. पण तुमसरकडे सातपुड्याच्या टेकड्या उठतात. गायमुख तिकडेच, आंबागडचा किल्लाही तिकडेच. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, ज्याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम कबूल केला, त्याचा सरदार राजा खान पठाण याने हा किल्ला बांधला असे मानले जाते. श्रावणात अशा टेकड्यांवर चढून पाहावे. दगडांवर शेवाळ, सागाची कुजकी पाने, त्याखाली निसरडी माती. चढताना दम लागतो एवढेच. पाय घसरतो तो उतरताना.

अशा वाटेसाठी जोडा कसा निवडावा? आम्हांला या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर दुकानात नाही, फिकहच्या किताबांत सापडले. वुजू करताना चामड्याच्या मोज्यांवर, म्हणजे खुफ्फैनवर, मसह करण्याची सवलत आहे. ती कुठल्या मोज्यांना लागू, यासाठी हनफी फकीहांनी कसोट्या घातल्या आहेत. मोजा घोट्यासह पाय झाकणारा हवा. न बांधता तो पायावर टिकायला हवा. पाणी आत झिरपू नये. तो घालून एक फरसख, म्हणजे सुमारे तीन मैल, चालता यावे. आणि तो पायाच्या तीन लहान बोटांएवढा फाटलेला नसावा. आम्ही इथे फतवा देत नाही. पण पावसाळी रानासाठी जोडा पारखायचा तर याच कसोट्या घेऊन दुकानात जावे.

घोटा झाकणे पहिले. उतारावर पाय मुरगळतो तो घोट्यात. बुटाची मान घोट्याच्या वर जाणारी आणि नाडीने घट्ट होणारी असावी. ‘न बांधता टिकावा’ याचा आमच्यापुरता अर्थ असा की जोडा मुळातच मापाचा हवा, नाडीच्या जिवावर नको. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगतो. जाड मोजे घालूनच माप घ्यावे. बोटांपुढे थोडी जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नखे काळीनिळी होतात. टाच मात्र आत हलता कामा नये.

पाण्याची कसोटी अवघड. गमबूट पाणी आत येऊ देत नाही, पण घामही बाहेर जाऊ देत नाही. नाला गुडघाभर असला की वरून भरतो आणि मग प्रत्येक पाऊल जड. बांधीच्या चिखलात तर तो रुतूनच बसतो; म्हणून रोवणीच्या बाया अनवाणी असतात. गावोगावी वापरतात ते प्लास्टिकचे बूट स्वस्त आणि लवकर वाळणारे, पण ओल्या दगडावर भरवशाचे नाहीत. कॅनव्हासचा जंगल बूट भिजतो, पण निथळतोही लवकर. नाले ओलांडायचे असतील तर तोच बरा. चामड्याचा चांगला बूट उतारावर सर्वांत भक्कम, पण त्याला तेल-मेणाची मालिश लागते आणि विस्तवाजवळ वाळवला की तडकतो. आत रद्दी कागद कोंबून सावलीतच वाळवावा. तळाचे खाचे खोल आणि विरळ हवेत, म्हणजे चिखल अडकून राहत नाही.

तीन मैलांची कसोटी तर सोन्यासारखी. नवा जोडा थेट डोंगरावर नेऊ नये, आधी गावात तीन मैल चालवावा. मसहची मुदतही लक्षात घेण्याजोगी आहे: मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन. मग मोजे काढून पाय धुवायचेच. ओल्या जोड्यात दिवसच्या दिवस राहिलेल्या पायाला चिखल्या होतात, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. आणि जोडा घालण्यापूर्वी झटकावा, अशीही रिवायत सांगितली जाते. आमच्याकडे तर आत विंचू निघतो.

विंचवाचे एक वेळ सोडा, सापाचे काय? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा एका अभ्यासाचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांत बहुतेक खेड्यांतली, आणि सुमारे निम्मे मृत्यू पावसाळ्यातले. दंश बहुतेक पायालाच होतो. जाड चामड्याचा उंच जोडा प्रत्येक दात अडवीलच असे नाही, पण पुष्कळदा अडवतो. दंश झालाच तर तावीज, झाडफूक यांत वेळ घालवू नये. प्रतिविष दवाखान्यातच मिळते.

रमजानमध्ये आपण गरिबांना कपडे देतो, शिधा देतो. जोडा देण्याचे आमच्या पाहण्यात फारसे नाही. जकात वस्तुरूपानेही देता येते, आणि नफली सदक्याला तर जातधर्माची अट नाही. मृग नक्षत्राआधी गावातल्या मजुरांची, गुराख्यांची मापे घेऊन घोटा झाकणारे जोडे वाटले, तर मस्जिद कमिटीला ते जड जाऊ नये. माप मात्र ज्याच्या त्याच्या पायाचेच घ्यावे. उरलेसुरले, मापात न बसणारे जोडे दिले तर ते खुंटीवरच लटकतील, आणि माणूस अनवाणीच रानात जाईल.