बार्सेलोनाचे हमाल

माझा थोरला मुलगा प्रवासी बोटीवर आचारी आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याची बोट दोन दिवस बार्सेलोनाच्या बंदरात राहावयाची होती, म्हणून त्याने मला तेथे बोलावून घेतले. खानापूरकडच्या खेड्यातील माणसाला स्पेनचे हे समुद्रकाठचे नगर पाहावयास मिळावे, हे मला अखेरपर्यंत खरे वाटत नव्हते.

शहर मोठे हौशी आहे. कोलंबसाच्या उंच स्तंभापासून वर गेलेल्या रांब्ला नावाच्या रस्त्यावर माणसांनी मधोमध चालावे आणि गाड्यांनी कडेकडेने जावे, अशी आपल्या उलट रीत. डोक्यावर झाडांची सावली, वाटेवर फुलांची दुकाने. रात्रीचे जेवण नऊच्या पुढे. तोवर आजीबाईंपासून तान्ह्या बाळांपर्यंत सारे घराबाहेर! बाजारातील मासळीवाल्या बायकांचा पुकारा ऐकून मला मडगाव आठवले. पाट्या कातालान व स्पॅनिश अशा दोन भाषांत. आम्हां बेळगावकडच्या लोकांना त्याचे नवल ते काय?

१८८२ साली पायाभरणी झालेले पवित्र कुटुंबाचे भव्य मंदिरही पाहिले. त्याचा शिल्पकार अंतोनी गावदी १९२६ साली ट्रामच्या धक्क्याने जखमी होऊन मरण पावला. अंगावरील साध्या कपड्यांमुळे लोकांनी त्याला भिकारी समजले होते. परंतु त्या मंदिराविषयी सारे जगच लिहिते. मला सांगावयाचे आहे ते दुसऱ्याच मंदिराविषयी.

बंदराजवळच्या अरुंद गल्ल्यांत ‘सांता मारिया देल मार’, म्हणजे समुद्राची पवित्र मरिया, हिचे मंदिर आहे. १३२९ साली त्याचा पाया घातला व १३८३ साली बांधकाम पुरे झाले. ते उभारण्यास त्याच वस्तीतील व्यापारी, खलाशी व मजूर झटले. मंजुईक टेकडीच्या खाणीतील दगड बंदरावरील हमालांनी पाठीवरून वाहून आणला. १९३६ च्या आगीत वेदी व आतील बहुतेक साज जळून गेला. आज तेथे उंच खांब आणि त्यांच्यामधून उतरणारा उजेड, एवढेच प्रामुख्याने दिसते.

मुख्य दाराच्या फळ्यांवर दोन लहानशा कांस्यमूर्ती आहेत. त्या संतांच्या नव्हेत, राजांच्याही नव्हेत. पाठीवर ओझे घेऊन वाकलेले ते दोन हमाल आहेत.

मी तेथेच थबकलो. माझे वडील मुरगाव बंदरावर हमाल होते. घरी येत तेव्हा त्यांची चुंबळ घामाने ओली असे, आणि मला तिचा वास सहन होत नसे. शाळेच्या अर्जात मी त्यांचा धंदा ‘बंदरावर कारकून’ असा लिहिला. त्यांना वाचता येत नव्हते; त्यांनी त्याखाली निमूटपणे अंगठा उठवला. पुढे मुलांनाही मी तेच सांगत आलो.

“तुझे आजोबा कारकून नव्हते,” मी मुलाला म्हणालो.

तो एकदा दाराकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिला. मग आम्ही पायरीवर बसलो. समोर चौकात दिवे लागत होते, खुर्च्या भरत होत्या, कोणी गिटार वाजवीत होते. पोते किती वजनाचे असे, दिवसाला किती खेपा होत, त्यांची पाठ दुखत नसे का, असे तो एकामागून एक विचारीत होता. मला फारच थोडे सांगता आले. मी वडिलांना ते कधी विचारलेच नव्हते.