चकलीचं भाडं वेगळं!

एक बीएचके, एक मुलगी आणि एक कुत्री. पुण्यात भाड्याचं घर शोधायला निघालात की तिसऱ्या मेंबरचा हिशेब वेगळा मांडतात...

"मॅडम, सगळं फिक्स आहे. भाडं १९ हजार, डिपॉझिट ६० हजार, चावी शनिवारी. फक्त एकच विचारायचं होतं. पेट वगैरे नाही ना?"

हा प्रश्न विचारताना प्रत्येक ब्रोकरचा एक खास सूर लागतो. डेंटिस्ट 'अजिबात दुखणार नाही हं' म्हणतो ना, अगदी तसा.

"आहे," मी म्हटलं. "एक कुत्री आहे. देशी. चकली नाव तिचं."

पलीकडे शांतता. मग एकदम समजूतदार आवाज. "चालेल मॅडम. मालक चांगले आहेत. फक्त महिन्याला दीड हजार जास्त पडतील. क्लीनिंगचे दहा हजार. आणि डिपॉझिटमध्ये वीस वाढवा."

"क्लीनिंगचे घेताय, मग डिपॉझिट कशाला?"

"ते डॅमेजसाठी."

"आणि महिन्याचे दीड हजार?"

"ते... पेटचे."

आता बोला!

चकली मला जुलै २०२१ मध्ये लॉ कॉलेज रोडवर एका बंद दुकानाच्या शटरखाली सापडली. धो धो पाऊस, वर लॉकडाऊनमुळे सगळं सामसूम. ओंजळीत मावेल एवढं पिल्लू आणि शेपूट अशी वळलेली, की नाव शोधावंच लागलं नाही. तेव्हापासून कर्वेनगरच्या वन बीएचकेमध्ये आम्ही दोघी. सकाळी वेताळ टेकडी, दिवसभर मी लॅपटॉपवर, ती टेबलाखाली. सॉलिड चाललं होतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये घरमालक काकांचा फोन आला. मुलगा लग्न करून पुण्यात परत येतोय, दोन महिन्यांत फ्लॅट हवाय. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी म्हटलं, पुण्यात काय, आठवड्यात मिळेल घर. (हसू नका.)

तीन आठवड्यांत मी ११ घरं पाहिली. कोथरूड, बावधन, औंध, सिंहगड रोड. बॅचलर मुलगी, फ्रीलान्सर आणि कुत्री! तिन्ही एकदम म्हणजे घरमालकांच्या दृष्टीने हॅटट्रिकच. एका काकांना दुपारी अडीचला फोन केला, ती तर माझीच चूक. एका ठिकाणी चकलीचा फोटो मागितला. मी हौसेने पाठवला, तर उत्तर आलं, "लॅब असता तर चाललं असतं." कुत्र्यांतही जात बघतात, हे नव्याने कळलं.

त्यातच त्याच महिन्यात हडपसरच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये तीनशेच्या आसपास मांजरं असल्याची बातमी सगळीकडे फिरली. झालं! पुढचे आठ दिवस मी कुणालाही फोन केला की समोरून तेच. "पेपर वाचता ना मॅडम?" वाचते हो, त्यात लिहितेसुद्धा! पण माझ्याकडे तीनशे नाहीत, एकच आहे.

एका रात्री मी हिशेब मांडला. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. दीड हजार गुणिले ११ म्हणजे साडेसोळा हजार. वर क्लीनिंगचे दहा. एकूण साडेसव्वीस हजार कधीच परत न येणारे, आणि डिपॉझिटचे वीस आले तर आले. ज्या बाईला लेखाचे पैसे तीन महिन्यांनी मिळतात, तिने हे कुठून आणायचे?

मैत्रिणीचा फंडा सोपा होता. "सांगूच नकोस. गुपचूप घेऊन जा." पण चकली म्हणजे काही कॅक्टसची कुंडी नाही. दूधवाला, कुरिअरवाला आणि प्रेशर कुकरची तिसरी शिट्टी या तिघांशी तिचं जुनं वैर आहे. आणि ॲग्रीमेंटमध्ये 'नो पेट्स' लिहिलेलं असताना लपवून ठेवलं, तर उद्या घर सोडायची पाळी आपल्यावरच.

मग आई म्हणाली, "ठेव की सहा महिने साताऱ्याला. घर मिळालं की ने."

मी 'हो' म्हटलं. खरंच म्हटलं. तिची वाटी, पट्टा, जुनी चादर भरली आणि मित्राच्या गाडीने तिला सोडून आले. येताना खंबाटकी घाटात मी मित्राशी एक शब्द बोलले नाही. चौथ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन. बाबांना कुत्री आवडत नाहीत, हे आमच्या घरात जगजाहीर आहे. म्हणाले, "हिला घेऊन जा बाई. खाते दोन घास, पण फाटकापासून हलत नाही. स्कूटर वाजली की उठते, आणि तू नाहीस बघून परत बसते."

त्याच दुपारी मी साताऱ्याच्या गाडीत होते.

मग माझ्यातली पत्रकार जागी झाली. म्हटलं, हे पैसे मागायचा नियम तरी काय आहे? बसले वाचत. जे सापडलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, मालक आणि सोसायटी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि त्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मालकाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते, त्यालाही राज्य सरकारने २००१ मध्ये सेवा शुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळे 'आमची काही हरकत नाही हो, सोसायटीच ऐकत नाही' हे वाक्य ऐकलंत की ठराव दाखवा म्हणायचं. बऱ्याचदा गाडी तिथेच अडते.

दुसरी गोष्ट मात्र आपल्या बाजूची नाही. मालकाने स्वतः 'नको' म्हटलं, तर तो त्याचा हक्क. 'चालेल, पण इतके द्या' म्हटलं, तर तो दोघांमधला करार. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा मी उलटासुलटा चाळला. कुत्र्यामांजरांच्या वेगळ्या पैशांबद्दल त्यात अवाक्षर नाही. पण कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत.

मग हे पैसे नेहमी कॅश आणि ॲग्रीमेंटच्या बाहेर का मागतात? मला सांगण्यात आलं, "उगाच स्टॅम्प ड्यूटी वाढते मॅडम." काढला कॅल्क्युलेटर. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्सवर ड्यूटी ०.२५ टक्के. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात आणि त्या व्याजावर ही ड्यूटी. वीस हजारांच्या जादा डिपॉझिटवर अकरा महिन्यांची ड्यूटी किती येते माहितीय? पाच रुपयेसुद्धा नाही. एका कटिंगच्या पैशांसाठी वीस हजारांचा पुरावा सोडून द्यायचा?

आणि एक आकडा वाचून तर मी लॅपटॉप बंदच केला. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा म्हणतो, की जनावराला उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. म्हणजे चकलीला घरात ठेवायचे साडेसव्वीस हजार, आणि रस्त्यावर सोडायचे जास्तीत जास्त पन्नास! घर बदलताना माणसं कुत्री सोडून का जातात, हे कोडं तरी राहतं का?

बाहेरच्या देशांत काही फार वेगळी गंमत नाही. अमेरिकेत पेट डिपॉझिट, पेट फी आणि पेट रेंट असे तीन प्रकार आहेत, आणि कधीकधी तिन्ही एकदम घेतात. (आमच्या ब्रोकरने ग्लोबल स्टँडर्ड गाठलंय!) इंग्लंडमध्ये २०१९ पासून वेगळी फी घ्यायला मनाई झाली आणि बहुतेक घरांचं डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यावर अडवलं, तर मालकांनी भाडंच वाढवून मागायला सुरुवात केली. फ्रान्सने मात्र १९७० सालीच कायदा केला, की घरात पाळीव प्राणी ठेवायला बंदी करणारं कलम ॲग्रीमेंटमध्ये लिहिलं तरी ते रद्दच.

पण मला पॅरिसमध्ये नाही, कोथरूडमध्ये घर हवं होतं.

बारावं घर डहाणूकर कॉलनीत. जुनी तीन मजली इमारत, मालकीणबाई वरच्या मजल्यावर. सत्तरीच्या काकू. चहा दिला आणि थेट मुद्द्यावर आल्या. "हे बघ, स्पष्ट बोलते. कुत्र्याचे वेगळे पैसे लागतील."

माझं भाषण तयारच होतं. २०१५ च्या सूचना, कलम ५५, पन्नास रुपये, फ्रान्स. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "चल, तुला काहीतरी दाखवते."

त्यांनी मला बेडरूमच्या दाराशी नेलं. चौकट खालून फूटभर कुरतडलेली. बाल्कनीतल्या फरशीच्या सांध्यांत पिवळे डाग, घासूनही न गेलेले. आधीचा भाडेकरू आयटीवाला, लॅब्रॅडॉर दिवसभर एकटा. "चौकट बदलायला सुतार चौदा हजार म्हणतोय. तो मुलगा गोड होता गं. पण जाताना कपाट सरकवून ठेवलं होतं चौकटीपुढे. तो गेल्यावर दिसलं मला."

मला घाम फुटला.

कारण कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये मुख्य दाराला आतून, खालच्या बाजूला, चकलीच्या नखांचे ओरखडे होते. चांगले खोल. मी बाहेर गेले की ती दार खरवडायची. आणि गेली दीड वर्षं त्या ओरखड्यांपुढे मी शू-रॅक लावून ठेवला होता. काका भाडं न्यायला आले की मी तिथेच उभी राहून गप्पा मारायचे. घर सोडताना तो तसाच सोडून जायचा, हेही मनात पक्कं होतं. 'गिफ्ट' म्हणून.

म्हणजे ज्या पैशांवर मी तीन आठवडे कडाकडा बोटं मोडत होते, ते माझ्यासारख्यांमुळेच मागायला लागतात की काय?

काकूंना मी सगळं सांगितलं. शू-रॅकसकट. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "मग काय लिहायचं ते नीट लिहू," एवढंच म्हणाल्या.

आम्ही दोघींनी कागद घेऊन बसून ठरवलं. वीस हजार जादा डिपॉझिट, परत मिळणारं, ॲग्रीमेंटमध्ये नोंदवलेलं. प्रत्येक खोलीचे, दारांचे, फरशीचे तारखेसह फोटो दोघींकडे. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि रेबीजच्या लसीच्या नोंदी यांची झेरॉक्स काकूंकडे. (मांजरवाल्यांनो, खुश होऊ नका. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांचीही नोंदणी जाहीर केली आहे.) जे मोडेल त्याची दुरुस्ती बिलाप्रमाणे. आणि महिन्याचे जादा पैसे? काकू म्हणाल्या, "ते कशाला? मी काय तिला रोज पोळी घालणार आहे?"

कर्वेनगरच्या काकांना मी सामान हलवायच्या आधी दार दाखवलं. ते बराच वेळ ओरखड्यांकडे बघत राहिले. ओरखड्यांपेक्षा शू-रॅकचंच त्यांना जास्त लागलं असावं. शेवटी म्हणाले, "आधी सांगायचंस." सुताराने पट्टी मारून पॉलिश केलं, बाराशे रुपये झाले. मी लगेच पाठवले. दीड वर्षं मी बाराशे रुपयांना घाबरत होते!

फेब्रुवारी २०२६ च्या शेवटी काकूंकडचे अकरा महिने संपले. रिन्यूअलच्या आधी त्या फोटोंचे प्रिंटआउट आणि चष्मा घेऊन खाली आल्या, आणि खोलीन् खोली तपासली. मग पाठकोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात हिशेब दिला. 'बाल्कनीच्या दाराची जाळी, ६५० रुपये.' खाली सही. बाकी एक रुपया कापला नाही. ते साडेसहाशे देताना मला जितकं बरं वाटलं, तितकं एखाद्या लेखाचा चेक वेळेवर आला तरी वाटत नाही.

तर दोस्तांनो, पेटचे पैसे मागितले की लगेच भांडू नका. पण निमूटपणे देऊही नका. कशाचे, किती, परत मिळणार का, हे तीनच प्रश्न विचारा आणि उत्तरं ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. ज्याचं उत्तर 'ते पेटचे' एवढंच येतं, ते पैसे देऊ नका. आणि मालकाने आपल्यावर विश्वास ठेवावा असं वाटत असेल, तर ओरखडा पडला त्याच दिवशी त्याला फोन करा.

चकली आता काकूंच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसते. पोळी घालणार नाही म्हणणाऱ्या काकूंकडून रोज सकाळी अर्धी मिळते, तूप लावून. त्याचा हिशेब अजून आलेला नाही.

आणि हो, शू-रॅक मी सोबत आणलाय. तो दारापासून लांब, पार किचनच्या बाजूला ठेवलाय.