मॉडेल झालं, अहवाल बाकी

हुबळीच्या विद्यानगरात १९४७ साली सुरू झालेलं बी. व्ही. भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय आता केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. तिथे ‘इंजिनिअरिंग एक्सप्लोरेशन’ या विषयात पहिल्याच वर्षी मुलं गट करून एखादा खरा प्रश्न सोडवतात. मॉडेल चालू लागलं की वाटतं, झालं काम.

मग अहवाल.

प्रस्तावनेतच रात्र सरते. खरा ऐवज मात्र पुढे असतो: हीच मोटर का घेतली, किती भारावर ती तापली, कोणता आराखडा टाकून दिला आणि कशामुळे. हे टाकून दिलेल्याचं पान बरेच गट गाळतात, आणि त्याची हळहळ वाटते. पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच तर सर्वांत उपयोगी पडलं असतं! चाचणीच्या तक्त्यात ‘समाधानकारक’ लिहून भागत नाही; एकक हवं, चाचणी किती वेळा घेतली तेही हवं.

नोंदींचं हे मोल मोठ्या कामांतही दिसतं. अभियंते विश्वेश्वरय्यांनी धरणांसाठी रचलेले स्वयंचलित दरवाजे आधी खडकवासल्याला बसले, पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही. मापं, वजनं, पाण्याची पातळी कागदावर चोख असल्याशिवाय एका धरणावरची युक्ती दुसऱ्या धरणापर्यंत पोचत नाही.

हुबळी-धारवाडदरम्यान धावणाऱ्या ‘चिगरी’ बसमध्ये शेवटच्या वर्षाचा एखादा विद्यार्थी मांडीवर लॅपटॉप घेऊन आकृत्यांचे क्रमांक जुळवत बसतो. सरांनी समासात विचारलेलं असतं: हे मोजलंत की अंदाजानं लिहिलंत? ज्युबिली सर्कलला उतरण्याआधी तो आकडा खोडतो आणि गटातल्या मुलांना कळवतो, उद्या प्रयोगशाळेत पुन्हा मोजू.