माशीच्या पोटातलं रान

शिर्डी-राहाता पट्ट्यात गोदावरीच्या कालव्यांमुळे ऊस आला आणि उसाबरोबर बिबट्याही आला. बिबट्या दिसला की बातमी होते, पिंजरा लागतो. त्याच उसात वावरणारी उदमांजरं, रानमांजरं, कोल्हे यांची नोंद मात्र कुणी घेत नाही. त्यांच्यासाठी मी माश्या धरतो.

हिरवट-निळ्या चकाकीची, लाल डोळ्यांची ही माशी मढ्यावर बसते, विष्ठेवर बसते. तिथून पोटात गेलेल्या डीएनएवरून जनावर ओळखता येतं. 2012 मध्ये व्हिएतनामच्या जंगलातल्या जळवांनी दुर्मिळ पट्टेरी सशाचा माग दिला. पुढच्याच वर्षी आयव्हरी कोस्ट आणि मादागास्करमधल्या माश्यांनी सस्तन प्राण्यांची यादीच हाती दिली. राहात्याच्या कोरड्या बांधांवर जळवा कुठल्या? इथे माशीच हवी.

बाटलीच्या सापळ्यात मी कुजकी मासळी ठेवतो, वर बारीक जाळी घट्ट बांधून. जाळी सैल राहिली तर माशी आमिष चाखते आणि तेच अहवालात येतं. मटण वापरलं तर ते चरायला आलेल्या शेळीपासून वेगळं कसं काढणार? मासळीची भेसळ लगेच ओळखू येते. हातमोजे काढायचे नाहीत, नाहीतर माझाच डीएनए यादीत. धरलेली माशी तडक अल्कोहोलमध्ये जाते, कारण तिच्या पोटात डीएनए जेमतेम काही दिवस टिकतो आणि पचनाने त्याचे बारीक तुकडे होत जातात.

खरा कस लागतो तो यादी वाचताना. शिर्डीजवळच्या माशीत कुत्रा निघणारच. पण तो गाडीखाली मेलेला, की बिबट्याने खाऊन विष्ठेतून टाकलेला? याच जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली होती; 2014 च्या त्यांच्या निबंधानुसार बिबट्यांच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, 39 टक्के वाटा कुत्र्यांचा होता. म्हणून एकाच माशीत बिबट्या आणि कुत्रा दोन्ही निघाले, तर मला ती विष्ठेवर बसलेली असण्याची शक्यता अधिक वाटते. खर्च वाचवायला पुष्कळ माश्या एकत्र वाटून तपासतात. त्यात हा धागाच तुटतो. मी प्रत्येक माशी वेगळ्या नळीत ठेवतो, महाग पडलं तरी.

माशी उडून लांबवर जाते, त्यामुळे अमुक शेतात अमुक प्राणी आहे असं मी कधीच सांगत नाही. किती आहेत, हेही तिच्याकडून कळत नाही. पण ऊसतोड सुरू झाली की फडाबरोबर जनावरांचा आसराही जातो. सापळे लावायचे ते कोयता पडण्याआधीच.