गुदमरलेली गाडी

कुर्ल्याला माझ्या मामूंचे गॅरेज आहे. जागा लहान आहे. दोन गाड्या आत घेतल्या की तिसरीला रस्त्यावर थांबावे लागते. कॉलेजात असताना मी संध्याकाळी तेथे जाऊन बसत असे. पाने हातात देणे, टॉर्च धरणे ही माझी कामे. मामू बिघडलेल्या गाडीला लगेच हात लावत नाहीत. आधी इंजिनाचा आवाज ऐकतात, धुराचा वास घेतात, मालकाला चार प्रश्न विचारतात. हकीम नाडी पाहतो, तशीच ही रीत.

२०१९ च्या पावसाळ्यात शेजारच्या गल्लीतले एक चाचा आपली व्हॅन घेऊन आले. ते शाळेच्या मुलांची ने-आण करत. त्यावरच त्यांचे घर चाले. व्हॅन पूल चढत नव्हती. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी उचलत नव्हती. पेट्रोल मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागत होते. समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला होता. चाचा दोन ठिकाणी गाडी दाखवून आले होते. एकाने सांगितले, "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला. नवा बसवा." त्याची किंमत म्हणजे चाचांची दीड महिन्याची कमाई! दुसऱ्याने स्वस्त उपाय सुचवला होता. डबा कापून काढायचा आणि त्याच्या जागी साधी नळी वेल्ड करायची.

"उस्ताद, आता तुम्हीच सांगा," चाचा म्हणाले.

"आधी दुखणे तर कळू द्या," मामू म्हणाले.

मुलांनो, हा डबा म्हणजे काय ते आधी पाहू. इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये तो बसवलेला असतो. आत भाजलेल्या मातीची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्या बारीक छिद्रांवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. तापलेला धूर या छिद्रांतून जातो. तेव्हा विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. न जळलेल्या पेट्रोलचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात. नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडांपासून साधा नायट्रोजन सुटतो. हे सगळे घडते, पण ते धातू स्वतः खर्च होत नाहीत. म्हणून त्यांना उत्प्रेरक म्हणतात. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला. त्याच वेळी तेथे शिसेविरहित पेट्रोलही मिळू लागले, कारण शिसे त्या धातूंवर बसले की उत्प्रेरक निकामी होतो. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल सगळ्या देशातूनच गेले.

मामूंनी इंजिन चालू केले. ते मधूनमधून अडखळत होते. गॅरेजवाल्यांच्या भाषेत, गाडी 'मिसिंग' करत होती. मग मामू व्हॅनखाली गेले आणि त्यांनी रबरी हातोड्याने डब्यावर हळूच ठोकले. आतून खडखड आवाज आला. जाळी तुटल्याची ही खूण. पण एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. डब्याच्या अलीकडच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. तो काढून त्यांनी त्या जागी दाब मोजण्याचा गेज लावला. चांगल्या गाडीत इंजिन रेस केले तरी काटा साधारण तीन पौंडांच्या वर जात नाही. येथे तो आठावर गेला. धुराला बाहेर पडायला वाटच नव्हती. जुना धूर निघाला नाही, तर इंजिनात ताजी हवा येणार कोठून? गाडी अक्षरशः गुदमरली होती. डबा सोडवून मी टॉर्च मारला. जाळीचा पुढचा भाग वितळून त्याचा गोळा झाला होता.

"म्हणजे पहिला मेकॅनिक बरोबर होता," मी म्हणालो.

"अर्धा," मामू म्हणाले. "डबा मेला, हे खरे. पण त्याला मारले कोणी?"

त्यांनी स्कॅनर जोडला. दोन कोड दिसले. पी ०४२० हा कोड डबा नीट काम करत नसल्याचा. पुष्कळ लोक तेवढाच वाचतात आणि नवा डबा आणतात. खरे तर नळीला भोक असले किंवा सेन्सर बिघडला, तरी हा कोड येऊ शकतो. दुसरा होता पी ०३०३. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नव्हते. मामूंनी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. आता कोड आला पी ०३०१. कॉइलबरोबर दोषही जागा सोडून गेला! चोर सापडला. कॉइलला बारीक तडा होता. ठिणगी पडत नव्हती, म्हणून कच्चे पेट्रोल तसेच डब्यात जाऊन तेथे जळत होते. ती माती १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. कॉइल न बदलता नवा डबा बसवला असता, तर तोही असाच गेला असता.

डबा साफ करणारी औषधे बाजारात मिळतात. वितळलेल्या जाळीवर त्यांचा काय उपयोग? फुटलेला माठ धुऊन सांधत नाही.

चाचा अजून नळीवरच अडून होते. "चालेल तर खरी ना गाडी?" त्यांनी विचारले.

"चालेल," मामू म्हणाले. "पण शाळेच्या फाटकापाशी तुमची व्हॅन चालू उभी असते. तिचे धुराडे लहान मुलांच्या नाकाच्या उंचीला येते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. श्वासातून रक्तात गेला की तो प्राणवायूची जागा अडवतो. नळी लावायची असेल तर दुसरीकडे जा. मी लावणार नाही."

चाचा रागावून निघून गेले. व्हॅन मात्र तेथेच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले. पैशांचे चार हप्ते ठरले. मामूंनी जुना डबा त्यांच्या हातात ठेवला आणि बजावले, "हा लोखंडाच्या भावात विकू नका. जाळी मोडली तरी धातू आतच आहेत." नेहमीचा भंगारवाला खरोखरच तो लोखंडाच्या भावात मागत होता. चाचा तिघांकडे फिरले. मिळालेल्या पैशांत पहिला हप्ता निघाला.

नवी कॉइल आणि नवा डबा बसल्यावर मामूंनी पुन्हा गेज लावला. काटा एका पौंडाच्या आतच राहिला. सायलेन्सरच्या टोकाशी पाणी ठिबकत होते.

"अहो, हे गळतेय!" चाचा घाबरून म्हणाले.

"जळलेल्या पेट्रोलचे पाणी आहे ते. ठिबकू द्या."

शाळा साडेपाचला सुटायची होती. चाचांनी घड्याळ पाहिले आणि व्हॅन रस्त्यावर काढली.